हलका हात

धुरपदाबाईने नीलाला आधीच सांगितलं होतं. सकाळी नळावर, मागे सहासात बायका कळशा घेऊन उभ्या असताना.

धुरपदाबाईचा मुलगा मिलमध्ये होता आणि ती नीलाच्या शेजारच्या खोलीत राहायची. शिकलेल्या मास्तरणीशी बोलताना ती ठेवणीतली मराठी काढायची, पण काळजी वाटली की थेट अहिराणीवर यायची. त्या दिवशी ती अहिराणीवर आली.

"बाई वं, मी सांगस ते ध्यान दे. माणूस सोताना कपडा लपाडीसन धवाले लागना, म्हंजे काहीतरी शे. तू देख."

नवरा स्वतःचे कपडे लपवून धुतो, म्हणजे काहीतरी आहे म्हणे. नीला हसली. हसण्यासारखंच होतं ते तिला. धुळ्याच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, स्त्रीपुरुष समानतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मुलगी ती. आणि नवरा मिळाला तो असा, की स्वतःचे कपडे पहाटे उठून स्वतः धुतो, बायकोला हात लावू देत नाही. सगळ्या गल्लीत असा दुसरा पुरुष नव्हता.

"मावशी, आता बाईनेच धुवावं असं राहिलं नाही. तुमच्या लेकालाही शिकवा."

मागच्या बायका खुदखुदल्या. धुरपदाबाईने कळशी उचलली आणि गेली.

सुरतेत येऊन नीलाला दोन वर्षं झाली होती. मधुकर मराठी शाळेत मास्तर, स्टेशनमागच्या गल्लीत दीड खोली, आणि पाळण्यात पाच महिन्यांची वंदू. वंदूवर नीलाची नजर अशी, की डोळ्यांत तेल घालून बघणं म्हणजे काय ते तिच्याकडून शिकावं. तिने शंभर पानी वही केली होती. वंदू किती वाजता प्यायली, किती वेळा शी झाली, पिवळी की हिरवट, पातळ की घट्ट, सगळं त्यात. एकदा शीत चिकट दोरा दिसला तर ती वही घेऊन दवाखान्यात धावली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, "बेन, तमे तो इन्स्पेक्टर छो."

इन्स्पेक्टरला घरातलं दुसरं माणूस मात्र दिसलं नाही. म्हणजे दिसलं. सगळं दिसलं. अर्थ तेवढा उलटा लागला.

मधुकर सकाळचा चहा उभ्याने प्यायचा, एका हाताने पाळण्याची दोरी ओढत. तिला वाटायचं, बापाचा जीव आहे पोरीत. रात्री भाकरी अर्धीच खायचा, "तू बाळंतीण, तू खा" म्हणायचा. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. शाळा तपासायला साहेब आले, त्यांनी शेऱ्यात लिहिलं की हे शिक्षक वर्गात खुर्ची वापरत नाहीत, दिवसभर उभे राहून शिकवतात. तो शेरा मधुकरने घरी वाचून दाखवला. वाचतानाही तो खिडकीला टेकून उभा होता.

आणि लंगोट हरवत होते. स्वतःच्या मऊ पातळांचे आणि मधुकरच्या जुन्या धोतराचे दोन डझन लंगोट तिने सातव्या महिन्यात बसून शिवले होते. दोरीवरून काढताना अठराच भरायचे. मग सतरा. वारा म्हणावा तर वारा नव्हता. धुरपदाबाईची नात नुकतीच बाळंत होऊन आलेली. एका सकाळी नीलाने नळावर, गोड आवाजात, विचारलं, "मावशी, आमचा एखादा लंगोट चुकून तुमच्या कपड्यांत नाही ना आला?"

धुरपदाबाईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. पुढे महिनाभर दोघींचं बोलणं नव्हतं. म्हणून तेच पुन्हा सांगायला कुणी आलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपून आठ दिवस झाले असतील. बहात्तर साल. भर दुपारी मधुकर शाळेतून घरी आला तो भिंत धरत. अंगात ताप, दात वाजत होते. गोधडीवर पालथा पडला आणि उशीत तोंड खुपसलं. नीला पांघरूण घालायला वाकली आणि तिला वास आला. वंदूचा नव्हे. कुजल्याचा. पँटच्या मागच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा ओला डाग, पिवळा, मध्ये लाल.

"अहो, हे काय?"

"काही नाही. लांब हो."

"बघू."

"हात लावू नकोस म्हणतो ना!"

पण अंगात ताकद नव्हती त्याच्या. पँट सैल करताना आतून घडी केलेलं कापड निसटून खाली पडलं. पू आणि रक्ताने भिजलेलं. त्याच्या कडेला निळ्या दोऱ्याची बारीक उलटी टीप होती. ती टीप तिचीच होती. सातव्या महिन्यात घातलेली.

तिला हरवलेले सातही लंगोट आठवले. मग धुरपदाबाईची ती नजर आठवली.

पालथा पडूनच, उशीत तोंड ठेवून, मधुकरने सांगितलं. आठ महिने झाले होते. आधी बसायच्या जागी एक गाठ आली, ठणकायची. वाटलं केसतूड. ताप भरला, मग ती फुटली, पू गेला, एकदम हायसं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा. फुटायची, वाहायची, तोंड मिटायचं, आत साचायचं, ठणकायचं. परसाकडला जायची भीती बसली, म्हणून जेवण तोडलं. स्टेशनसमोर 'हरस, मसा, विना ऑपरेशन' अशी पाटी होती, मूळव्याधवाल्याची. तिथे दोनदा गेला. त्या माणसाने कसलीशी सुई टोचून जाळल्यासारखं केलं. त्यानंतर दुसरं तोंड पडलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो? कुठे झालंय म्हणून?"

सरकारी इस्पितळात मधुकरला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. पडद्याच्या आत मोठे सर्जन आणि सातआठ शिकाऊ डॉक्टर, बाहेर नीला, कडेवर वंदू. आतून सळई खणकल्याचा आवाज आला, मग मधुकरचा. इतका बारीक आवाज त्याला आहे हे तिला ठाऊक नव्हतं. सर्जन पोरांना काही दाखवत होते आणि मध्येमध्ये त्याला विचारत होते, आणि चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारा तो माणूस प्रत्येक प्रश्नाला "हाजी साहेब, हाजी साहेब" करत होता.

बाहेर येऊन सर्जन नीलाला म्हणाले, "आ हरस नथी, भगंदर छे." ते अर्धं गुजराती अर्धं हिंदीत बोलायचे, पण समजेल असं. बीळ असतं, बेन, दोन तोंडांचं. एक बाहेर कातडीवर, एक आत. बाहेरचं कितीही मिटलं तरी आतून घाण येतच राहते. म्हणून ते बीळ पूर्ण चिरून, उघडं, सपाट करायचं.

"मग टाके किती पडतील?"

"एकही नाही. जखम उघडी ठेवणार. तळापासून वर भरत आली पाहिजे. वरून आधी मिटली तर सगळं फुकट."

नीलाने मान हलवली. तिला समजलं होतं. नंतर ती स्वतःला हेच विचारत राहिली, की समजलं होतं ना?

ऑपरेशन कमरेत सुई देऊन झालं. त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या उखाचंही झालं, त्याच दुखण्याचं. उखा नीलाच्याच बाजूचा, नंदुरबारकडचा. उधन्याला लूमवर कामाला, डिंडोलीत चौघांत एक खोली. त्याच्याकडे येणारं कुणी नव्हतं. नीला डब्यात चार भाकऱ्या जास्त नेऊ लागली. तो तिला ताई म्हणायचा आणि हसवायचा. पुरुषांच्या त्या वॉर्डात, जिथे सगळे पालथे किंवा कुशीवर पडलेले, कुणीतरी हसवणारं हवंच होतं.

ड्रेसिंग रोज सकाळी. आधी जांभळ्या औषधाच्या कोमट पाण्यात टबात बसायचं, मग जखमेत गॉजची पट्टी. हे काम दोघांकडे होतं. एक मंगला सिस्टर. ती चिमट्याने पट्टी तळापर्यंत दाबून भरायची आणि वॉर्ड हादरायचा. दुसरा सुकदेव, जुना ड्रेसर, पन्नाशीचा, तोंडाने "झालं हं दादा, झालं" म्हणत म्हणत गॉज वरच्यावर ठेवायचा, चिकटपट्टी लावायचा की संपलं. त्याचा हात हलका. अख्ख्या वॉर्डात त्याचं नाव होतं. सकाळ झाली की खाटांवरून विचारणा सुरू व्हायची, "आज कोण रे? देव का कसाईण?"

"कसाईण," उखा म्हणायचा. "बाई गॉज भरते का बॉबिन भरते समजत नाही. एक दिवस दोरा तोंडातून निघेल माझ्या."

मधुकरही हसायचा. पण एकदा सिस्टरची पाळी होऊन गेल्यावर नीला भेटीच्या वेळी आली, तर त्याच्या खालच्या ओठावर दातांचे चार व्रण होते.  भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "उद्या तीच असेल तर मी पळून जाईन."

त्या संध्याकाळी नीलाने घरी जाऊन रव्याचे लाडू केले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती ड्रेसिंगच्या खोलीबाहेर उभी राहिली.

"काका, ह्यांचं तुम्हीच करत जा ना. सिस्टर नको. तुमचा हात हलका आहे."

सुकदेवने लाडूचा डबा घेतला नाही आधी, मग घेतला. "करतो की बेटा. त्यात काय."

"आणि उखाभाऊंचंही. त्यांना कुणी नाही."

"त्याचंही करतो."

मंगला सिस्टर तिथेच कपाटाशी होती. ती नीलाला म्हणाली, "ताई, मला हौस नाही हो." एवढंच. नीलाला ते चिडल्यासारखं वाटलं. तिने वंदूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघून आली. मनातून तिला जिंकल्यासारखं झालं होतं.

नाताळनंतर दोघांना घरी सोडलं. उखाची जखम तर आधीच मिटत आली होती. जिन्यावर तो म्हणाला, "ताई, मास्तरांच्या आधी नंबर लागला माझा. एवढीशी रेघ राहिली." नीलाने त्याचं अभिनंदन केलं.

घरी मधुकरने मोरीचं दार लावून, आरसा खाली धरून, स्वतः गॉज लावायला सुरुवात केली.

"मी बघते ना एकदा."

"काही गरज नाही. भरतंय छान."

मग गॉजच्या घड्या वाळत घालायच्या दोरीवर एक दिवस एकही घडी नव्हती. मधुकर मोरीतून आला, पाट ओढला आणि मांडी घालून बसला. बसला! जानेवारी होता, बाजारात पोंक, ज्वारीचा हुरडा, आला होता. तिने कोवळा, हिरवा पोंक शेव घालून त्याच्यापुढे ठेवला आणि तो मांडी घालून, पोरगी मांडीवर घेऊन, मूठमूठ खाताना ती बघत राहिली. धुरपदाबाईकडे ती स्वतः वाटी घेऊन गेली. दारातच म्हणाली, "मावशी, लंगोटांचं... माझं चुकलं."

"जाऊ दे वं," म्हातारी म्हणाली. "बसला का मास्तर?"

"बसले."

"मंग झालं."

पाच दिवस. मोजून पाच दिवस तो बसला. सहाव्या दिवशी संध्याकाळी चहाचा कप घेऊन तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, आणि नीलाच्या हातातलं वंदूचं झबलं खाली पडलं. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

ह्या वेळी पडद्याआड सर्जनांचा आवाज चढला. "वरथी रुझाई गयुं, अंदर पोलुं छे!" वरून कातडी मिटलेली, आत पोकळी, पोकळीत पू. पुन्हा भूल, पुन्हा चीर, ह्या वेळी आणखी खोल. शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनी दोघांनाही समोर घेतलं, मधुकरला खाटेवर, नीलाला उभी. जे स्नायू आपण आवळून धरतो, त्यांच्या अगदी काठाला आलोय, ते म्हणाले. तिसऱ्यांदा हात घालावा लागला तर ते कापावे लागतील. मग मास्तरांना परसाकडची जाणीव राहील, पण आवरणं हातात राहणार नाही. कायमचं.

"घरे ड्रेसिंग कोण करे छे?"

 नीला म्हणाली, "मी करीन."

"नाही," मधुकर म्हणाला.

सर्जनांनी एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि मंगला सिस्टरला हाक मारली. "हिला शिकव."

सिस्टरने तिला बाजूला घेतलं. राग धरला असता तर बरं झालं असतं. तिने धरला नव्हता. "तर्जनी धुवायची. आधी बोट तळाला टेकवायचं, मग पट्टी तिथपर्यंत. तो ओरडेल. तो ओरडला नाही तर समजायचं, तू वरवर ठेवलीस. सुकदेवकाका चांगला माणूस आहे गं. त्याला कुणाचं रडणं बघवत नाही, एवढंच."

घरी पहिल्या दिवशी मधुकरने मोरीचं दार आतून लावलं. नीला बाहेर उभी. जांभळं पाणी निवत चाललं होतं.

"दार उघडा."

"बाईने बघायची जागा नाही ती, नीला."

"वंदूचं मी दिवसातून आठ वेळा बघते."

"ते लेकरू आहे."

"लेकरू दुखलं की रडतं तरी. उघडा."

 मग त्याचा आवाज आला, शाळेतला नाही, पडद्याआडचा तो बारीक. "तू एकदा बघितलंस की परत मला नवरा म्हणून बघणार नाहीस. मला ठाऊक आहे. मग मी काय करू?"

 बी. ए. ला कुठल्याच पेपरात हे नव्हतं. तिने कपाळ दाराला टेकलं. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण त्या काकांना लाडू मीच नेऊन दिले होते. तुम्हाला दुखू नये म्हणून. तुमचं हे मी केलंय. मला निस्तरू द्या."

कडी निघाली.

धुरपदाबाई वंदूला घेऊन गेली आणि जाताना खोलीचं दार ओढून घेतलं. गोधडीवर मधुकर कुशीवर झाला. नीलाने बघितलं. लांबट, लाल, ओली चीर, वरच्या कडा एकमेकींकडे झुकलेल्या, मिटायला टपलेल्या. तिने बोट घातलं. दोन पेरं आत गेलं. तो ओरडला, मग उशी चावली, मग तिला शिवी दिली, आयुष्यात पहिल्यांदा, आईवरून. ती थांबली नाही. पट्टी तळाला टेकली हे बोटाला कळेपर्यंत ती रडत होती आणि भरत होती. नंतर तिने हात धुतले, वंदूची वही उलटी करून शेवटच्या पानावर लिहिलं, 'दोन पेरं', आणि मोरीत जाऊन ओकली.

असे एकावन्न दिवस झाले आहेत. वही दोन्हीकडून भरत आली. पुढून वंदूला दात आले, मागून दोन पेरं, पावणेदोन, पुन्हा दोन, दीड. काही दिवस तो तिच्याशी बोलत नाही, काही दिवस ती. काही दिवस शिवी ऐकून दोघंही हसतात, कारण शाळामास्तरला शिव्या फार थोड्या येतात आणि त्याच त्याच येतात. काल एक पेर होतं. आज सकाळीही एकच. पुढे सरकलेलं नाही, आणि पेराच्या तळाशी पाणी चिकट लागलं. उद्या काय लागेल ते तिला ठाऊक नाही. 

पण तिला दुसरंच झोपू देत नाही. उखा.

त्याच्या जखमेवरही तोच हलका हात होता, आणि तो तिनेच मागून घेतला होता. एका रविवारी ती धुरपदाबाईच्या लेकाला बरोबर घेऊन डिंडोलीला गेली. खोलीतल्या तिघांनी सांगितलं, उखा लूमवरून सुटला. बसून जेवत नव्हता, वास यायचा, म्हणून आम्हीच त्याला बाहेर निजायला सांगितलं होतं. मग तो गेला. ऊसतोडीच्या टोळीबरोबर, बारडोलीच्या बाजूला, असं ऐकलं. बारडोलीला जाणाऱ्या दोघातिघांजवळ तिने निरोप दिला. कुणी परत येऊन काही सांगितलं नाही.

म्हणून नीला आता भेटेल त्याला विचारते, आणि तुम्हालाही विचारते आहे. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा साखर कारखान्याच्या रस्त्याने जात असाल, तर दुपारच्या जेवणाच्या वेळी टोळीकडे जरा बघा. सगळे बांधावर बसलेले असताना कुणी एकटा, लांब, उभ्याने भाकरी खात असेल. सावळा, बारीक, डाव्या भुवईवर वण. हसवेलही तुम्हाला. हसलात तरी निघून येऊ नका. त्याला नाव विचारा. उखा म्हणाला तर सांगा, ताईने सांगितलंय, वरून मिटलं ते भरलेलं नाही, पुन्हा इस्पितळात ये, आणि ह्या वेळी सिस्टरकडे जा. तो काही नाही म्हणेल. कपडे दाखवणार नाही. तरी विचारा.